बिळातून बाहेरच न येणारा मासा, मग यांचं लग्न जुळतं कसं?

रंकाळाकाठ
मंडळी नमस्कार. मी कोल्हापुरात आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. परवा एक ऑफ तास मिळाला म्हणून पोरांना प्रोजेक्टरवर समुद्राच्या तळाचा व्हिडिओ लावला, त्यात गार्डन ईल होते. ज्यांनी बघितले नसतील त्यांच्यासाठी सांगतो, पांढऱ्या वाळूत शेकडो पेन्सिलीएवढे बारीक मासे अर्धं अंग बाहेर काढून उभे, सगळ्यांची तोंडं एका दिशेला, आणि पाण्याबरोबर असे डुलतात की पहिल्यांदा बघणाऱ्याला गवतच वाटतं. पोरांनाही गवतच वाटलं. मग वरून एका मोठ्या माशाची सावली सरकली आणि सगळं गवत जमिनीत गडप! वर्गात असा ओरडा झाला की शेजारच्या वर्गावरच्या मॅडम बघायला आल्या.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी आहे, वर्षभरात दोनदा बोलली असेल. ती उठली आणि म्हणाली, "सर, हे भोकातून बाहेर येतच नाहीत म्हणताय, मग यांचं लग्न कसं होतं? आणि पिल्लं कुठं जातात?" वर्ग हसला, पण मला प्रश्न लई आवडला. सोमवारी सांगतो म्हणून शब्द दिलाय. मला एवढंच माहिती आहे की हे साप नव्हेत, कल्ल्यानं श्वास घेणारे मासेच आहेत आणि वाहत्या पाण्यातलं बारीक प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे इवलेसे जीव, टिपून खातात. पण वाळूतलं बीळ ढासळत कसं नाही हेही मला धड सांगता येत नाही. आपल्यात कोण पाण्याखाली जाऊन आलंय का? कुणी वाचलंय का?

आजऱ्याची_मावशी
सर आधी मला एक सांगा, हे खातात का? 😀

देवबागचो
मावशी, पेन्सिलीएवढ्या माशाचं कालवण कसलं करणार, काटाच हाती लागायचा. आमच्या बाजारात वाम येते ती वेगळी, हातभर लांब, दातेरी तोंडाची, पोटाकडे रुपेरी. पण नात्यातलीच आहेत ही सगळी. जपानात काँगर जातीची ईल, ते आनागो म्हणतात, ती भाताबरोबर आवडीनं खातात. गार्डन ईल त्याच काँगर घराण्यातली. तिथं ठिपकेवाल्या गार्डन ईलला चिन-आनागो म्हणतात, कारण बसक्या नाकाचं तोंड चिन जातीच्या कुत्र्यासारखं दिसतं.

पाणबुडी_७
मी बघितलेत! अंदमानला, चार वर्षांपूर्वी. मूळची मंगळवार पेठेतली, आता बंगळूरला असते.

सर, व्हिडिओत दिसतं आणि प्रत्यक्षात दिसतं यात फरक आहे. आम्ही खडकाची कड सोडून वाळूच्या उतारावर आलो, साधारण १८-२० मीटर खोल असू, आणि लांबवर खरंच शेत दिसलं. मी उत्साहात पाय मारत निघाले तर जसजशी जवळ जातेय तसतसं पुढचं शेत बसत चाललंय. पुढची रांग आत, मग तिच्या मागची, मग तिच्या मागची. मी पोचले तेव्हा नुसती वाळू. मागं वळून बघितलं तर मागचे सगळे परत वर आलेले! आमच्या गाईडनं हातानं खूण केली, खाली बस, श्वास हळू. मी वाळूवर गुडघे टेकून एका जागी थांबले. हवेचे बुडबुडे सुटले की जवळचे दचकायचे. सात-आठ मिनिटांनी माझ्यापासून दोन-तीन हातांवर एक डोकं आलं वर. आधी नुसते डोळे. डोळे अंगाच्या मानानं केवढे मोठे! मग बोटभर मान, मग थांबला, मग अजून बोटभर. पांढऱ्या अंगावर काळे बारीक ठिपके आणि कल्ल्यापाशी एक मोठा काळा डाग. तोंड वरच्या बाजूला वळलेलं, आणि समोरून काहीतरी वाहत आलं की टुक करून टिपायचा. मला काही दिसत नव्हतं, त्याला दिसत होतं.

एकही बिळाबाहेर पूर्ण आलेला दिसला नाही. एक पण नाही.

शंकेखोर
"दिसला नाही" म्हणजे "येत नाही" असं होत नाही. तुम्ही अर्धा तास होता तिथं. पाली पण भिंत सोडत नाहीत असं वाटतं, पण सोडतात.

पाणबुडी_७
बरोबर आहे तुमचं. मी फक्त माझं सांगितलं.

काचपेटी
शंकेखोर यांच्या बाजूनं बोलतो. गार्डन ईल बीळ सोडू शकतो, पोहताही येतं त्याला, जागा बदलायची तर बदलतो. पण एकदा बसला की शक्यतो शेपूट आतच ठेवतो. शेपटीकडचं टोक कडक आणि टोकदार असतं, शेपूट खाली करून वळवळत वाळूत शिरतो, म्हणजे बीळ खणतो तो शेपटीनं. आणि आत साचलेली वाळू पाठीवरच्या परानं वर ढकलून बाहेर टाकतो. बीळ ढासळत नाही कारण कातडीतून चिकट बुळबुळीत पदार्थ सुटतो, तो वाळूच्या कणांना धरून ठेवतो आणि भिंतीला अस्तर बसतं.

बोअरवाला_गडहिंग्लज
आता ह्यात मी बोलणार 🙏

सर, मी गेली १६ वर्षं बोअर मारतोय. आपल्या भागात खाली काळा पाषाण लागला की काळजी नसते, भोक पाडलं की तसंच राहतं वर्षानुवर्षं. सगळा ताप वरच्या मातीचा आणि मुरमाचा, आणि नदीकाठी गाळाचा तर विचारूच नका. बिट वर काढली की मागं भिंत बसली. म्हणून पाषाण लागेपर्यंत केसिंग पाईप उतरवायचा, त्याशिवाय पुढं जायचंच नाही. आणि जिथं नुसती वाळू असते तिकडचे लोक दाट मातीचं पाणी भोकात फिरवत फिरवत खणतात, ते भिंतीला लेप बसवतं आणि आतनं दाब धरतं. ह्या माशानं दोन्ही कामं एका अंगात केलीत की हो! स्वतःच बिट, स्वतःच केसिंग. वर अंगच भोकाच्या मापाचं, म्हणजे भिंतीला आतनं टेकू पण तोच. मला रात्री झोप लागली नाही हे वाचून खरंच सांगतो, दोनदा व्हिडिओ लावून बघितला. बायको म्हणाली आता समुद्रात बोअर घ्यायला लागलाय काय.

जुनी_तालीम
बोअरवाले, जगात भारी समजावलंत. 👏

रंकाळाकाठ
बोअरवाले दादा, तुमची परवानगी असेल तर हे असंच्या असं वर्गात सांगणार. माझ्या वर्गात निम्म्या पोरांच्या घरी शेतात बोअर आहे, त्यांना "श्लेष्मल स्राव" म्हटलं तर वहीत लिहून घेतील आणि विसरतील, केसिंग म्हटलं की डोळ्यासमोर येईल.

बोअरवाला_गडहिंग्लज
अहो परवानगी कसली सर, सांगा की बिनधास्त.

शिरोळचा_ऊस
एक विचारतो. प्रवाहात उभं राहायचं म्हणजे सारखा अंगावर जोर. आमचा ऊस वाऱ्यात लोळतो, एकदा लोळला की गेला, २०१९ च्या महापुरात तर उभा ऊस आठ-दहा दिवस पाण्याखाली होता, शेंडा कुजून गेला. ह्यांचं काय होतं जोराचा प्रवाह आला की?

काचपेटी
चांगला मुद्दा आहे दादा. २०२२ मध्ये जपानच्या ओकिनावातल्या संशोधकांचा अभ्यास आला होता. त्यांनी वाहत्या पाण्याच्या टाकीत ठिपकेवाले गार्डन ईल ठेवून पाण्याचा वेग पायरीपायरीनं वाढवला आणि कॅमेऱ्यानं प्रत्येकाची हालचाल टिपली. वेग वाढला तसा मासा आत आत सरकत गेला, बाहेरचं अंग कमी केलं आणि जे बाहेर आहे ते वाकवलं, म्हणजे पाण्याचा मार कमी बसतो. गंमत अशी की सेकंदाला २० सेंटिमीटर वेगापर्यंत त्यांचं खाणं वाढतच गेलं, कारण प्रवाह जोराचा म्हणजे समोरून प्लवकही जास्त येतं, घास टिपायला लांब मान टाकावी लागत नाही. त्यावर २५ सेंटिमीटरला गेले की मात्र खाणं घटलं.

तुमच्या उसाला आत जाता येत नाही एवढाच फरक.

शिरोळचा_ऊस
तेच तर दुखणं हाय भावा.

आजऱ्याची_मावशी
शिरोळचे दादा, त्या पुरात माझ्या भावाचं घर कुरुंदवाडात होतं. दोन महिने भिंती ओल्या. तुमची शेती सावरली का?

शिरोळचा_ऊस
सावरली मावशी, दोन हंगाम गेले पण सावरली. २०२१ ला परत पाणी आलं पण तेवढं नाही. चला सरांच्या विषयावर येऊ, नाहीतर पुराचं एकदा सुरू झालं की आम्ही थांबत नाही.

नववी_ब
नमस्कार. मी सरांच्याच शाळेत आहे. त्यात एक नारिंगी-पांढरा पट्ट्यापट्ट्याचा पण होता तो पण गार्डन ईलच का? सर म्हणाले बहुतेक.

देवबागचो
हो बाळा, त्याला स्प्लेंडिड गार्डन ईल म्हणतात, शास्त्रीय नाव गोर्गेसिया प्रिक्लारा. ठिपकेवाला तो हेटेरोकाँगर हॅसी. ह्या दोनच प्रजातींच्या नावाखाली, म्हणजे हेटेरोकाँगर आणि गोर्गेसिया, सगळे गार्डन ईल येतात, मिळून तीसच्या वर जाती.

काचपेटी
प्रजाती आणि जाती यात गोंधळ होऊ नये म्हणून: शाळेच्या पुस्तकात जीनसला प्रजाती आणि स्पिशीजला जाती म्हणतात. देवबागचो यांनी बरोबरच लिहिलंय.

जुनी_तालीम
नारिंगी पांढरा नव्हे, तांबडा-पांढरा म्हणा! कोल्हापूरचा मासा निघाला 😂

आजऱ्याची_मावशी
बघा, मी म्हटलंच होतं खाण्याचा विषय निघणार म्हणून 😂😂

पाणबुडी_७
हॅसी हे नाव हान्स हास यांच्यावरून आहे. ऑस्ट्रियाचे, पाण्याखाली कॅमेरा घेऊन उतरणाऱ्या पहिल्या पिढीतले. १९५७-५८ मध्ये झारिफा नावाच्या शिडाच्या जहाजातून ते लाल समुद्रापासून मालदीवमार्गे निकोबारपर्यंत गेले होते. त्याच सफरीतून मालदीव आणि निकोबारच्या नव्या गार्डन ईलचं वर्णन १९५९ मध्ये क्लाउझेविट्स आणि आयब्ल-आयबेसफेल्ट यांनी छापलं. आधी प्रजातीचं नावसुद्धा जहाजावरून झारिफानिया ठेवलं होतं, नंतर ते हेटेरोकाँगरमध्ये गेलं. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं, आपल्या निकोबारचे मासेही त्यात होते म्हणून.

जुनी_तालीम
आता जरा माझं ऐका. वाम म्हटल्यावर आठवलं.

माझे आजोबा पंचगंगेत गळ टाकायचे. राजाराम बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, उन्हाळ्यात पाणी कमी असायचं तेव्हा. वाम मिळायची ती टोकदार तोंडाची, पाठीवर काट्यांची रांग असलेली. पण दोन-तीन वर्षांतनं एखादा अहेर मासा लागायचा. जाड, मनगटाएवढा, अंग असं निसटतं की राख लावल्याशिवाय हातात धरता यायचा नाही. आजोबा अहेर मिळाला की म्हणायचे, हा समुद्राचा पाहुणा आहे. आम्हाला वाटायचं म्हातारा काहीतरी सांगतोय. समुद्र कुठं, पंचगंगा कुठं. मोठा झाल्यावर वाचलं तर शब्द न् शब्द खरा. अहेर नदीत वाढतो पण अंडी घालायला समुद्रात जातो, आणि पिल्लं परत नदीत चढतात. आणि आपल्या पंचगंगेचा समुद्र कुठला, तर पश्चिमेचा नव्हेच. घाटाच्या पलीकडं अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, पण आपलं पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत पडतं आणि पार आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतं. हजार किलोमीटरच्या वर वाट. आता त्या वाटेत आमचे बंधारे, मग अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर. पावसाळ्यात बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढतात तेवढी वाट मोकळी होते, पुढच्या भिंतींना बरगे कुठले. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अहेर बघितला नाही मी. कुणी बघितला असेल तर सांगा, मनापासून विचारतोय.

शिरोळचा_ऊस
काका, माझ्या लहानपणी वाडीच्या संगमाला एकदा बघितलाय. त्यानंतर नाही.

देवबागचो
आमच्या खाड्यांत अजून मिळतो कधीमधी. कोकणातल्या नद्या आखूड, समुद्र जवळ, म्हणून असेल.

बोअरवाला_गडहिंग्लज
हिरण्यकेशीला आमच्याकडं म्हातारी माणसं नाव घेतात अहेराचं. मी नाही बघितला.

शंकेखोर
मुंबईत जोगेश्वरीला एका जुन्या विहिरीत आंधळी ईल सापडली होती २०१९ मध्ये, ती पण ह्यातलीच का?

काचपेटी
नाही, ती स्वॅम्प ईल, रक्तमिक्थिस मुंबा नाव दिलं तिला. सुमारे ४० फूट खोल विहिरीच्या गाळात. दिसायला ईल, पण खऱ्या ईलच्या गणातली नव्हे. आणि गंमत, जुनी_तालीम काकांची काट्यांची वाम पण खरी ईल नव्हे, ती स्पायनी ईल, जोगेश्वरीवालीच्या गणातली. खरी ईल म्हणजे अहेर, समुद्रातली वाम, मोरे ईल आणि हे गार्डन ईल. आणि ह्या खऱ्यांना ओळखायची एक खूण म्हणजे त्यांचं पिल्लू. तिथूनच सरांच्या पोरीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं, ते निवांत लिहितो, आत्ता दुकानात आहे.

आजऱ्याची_मावशी
काचपेटी दादा तुमचं फिशटँकचं दुकान आहे का? नातवाला हे मासे हवेत म्हणून हट्ट धरलाय त्यानं व्हिडिओ बघून.

काचपेटी
दुकान किराणाचं आहे मावशी, मासे हा नाद. आणि हात जोडून सांगतो, हे घरी आणू नका. खारं पाणी लागतं, वाळू वीतभर तरी खोल आणि बारीक लागते, प्रवाह लागतो, एकटा ठेवला तर भेदरून आतच बसतो म्हणून आठ-दहा तरी लागतात, आणि खाणं पाण्यातून वाहत तोंडासमोर यावं लागतं, तेही दिवसातून अनेकदा. खाली पडलेलं उचलायला तो येत नाही. उपाशी मरतो आणि आपल्याला कळतही नाही, कारण बिळात मरतो.

माझ्या हातून एकदा चूक झालीय म्हणून एवढं लिहितोय. दहा वर्षांपूर्वी एका दुकानदारानं "गार्डन ईल आहे, गोड्या पाण्यात चालतो" म्हणून एक मासा दिला. मी विश्वास ठेवला. तो निघाला स्पायनी ईलचं पिल्लू. त्यालाही वाळूत शिरायला आवडतं, पण माझ्या टाकीत जाडी खडी होती, ती खरवडून त्याच्या पोटाला जखमा झाल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात रात्री झाकणाच्या फटीतून बाहेर पडला. सकाळी फरशीवर मिळाला, वाळलेला. बोटानं उचलला तेव्हा काडीसारखा कडक. त्या दिवशी ठरवलं, आधी वाचायचं मग आणायचं.

आजऱ्याची_मावशी
नातवाला हेच वाचून दाखवलं. गप्प बसला. मग म्हणाला, मग आपण बघायला जाऊ अंदमानला. आता त्याच्या बापाला सांगते पैसे साठव म्हणून.

पाणबुडी_७
मावशी, पोहायला शिकवा त्याला आधी, मी घेऊन जाते.

जुनी_तालीम
लॉकडाऊनमध्ये जपानच्या माशांचं काहीतरी पेपरात आलं होतं ते हेच का? व्हिडिओ कॉल केले होते त्यांना?

देवबागचो
हेच. टोकियोचं सुमिदा मत्स्यालय. १ मार्च २०२० पासून बंद होतं, तिथं सुमारे ३०० गार्डन ईल. रोज माणसं काचेसमोर असायची तेव्हा ते निवांत बाहेर असायचे. माणसं बंद झाली आणि थोड्या दिवसांनी काळजी घेणारा कर्मचारी जवळ गेला तरी सगळे आत जायला लागले. आत गेले की तब्येत कशी कळणार? मग ३ ते ५ मे त्यांनी टाकीसमोर पाच टॅब्लेट लावले आणि लोकांना सांगितलं, व्हिडिओ कॉल करा, तोंड दाखवा, हात हलवा, पण ओरडू नका.

शंकेखोर
बातमी आवडली होती मला पण. पण "मासे माणसांना विसरले" असं लिहिलं होतं पेपरवाल्यांनी, ते पटत नाही. माशांना आपली आठवण येते हे जरा जास्तच झालं.

काचपेटी
आठवण म्हणू नका, सवय म्हणा. समोर हलणारी मोठी आकृती म्हणजे धोका, हे त्यांच्या अंगातच आहे. रोज आकृती येते आणि काही होत नाही, मग दुर्लक्ष करायला शिकतात. दोन महिने आकृती नाही, की मूळचा स्वभाव वर येतो. समुद्रात ते घाबरणं बरोबरच आहे. वरून ट्रिगर मासे येतात, पाकट येतात. आणि खालून पण येतो शत्रू! स्नेक ईल म्हणून ईलचीच एक जात, वाळूत बुडून सरकत येते आणि बिळातच गाठते.

बोअरवाला_गडहिंग्लज
म्हणजे धामण उंदराच्या बिळात शिरते तसं. अरे देवा. वरून वाचायला घरात जायचं आणि घरातच तो बसलेला.

शंकेखोर
सवय म्हटलं की पटतं. धन्यवाद काचपेटी.

पाणबुडी_७
अमेरिकेच्या युजिनी क्लार्क, शार्कवरच्या अभ्यासासाठी नावाजलेल्या, त्यांनी लाल समुद्रातल्या गार्डन ईलचाही अभ्यास केला होता. मला सात-आठ मिनिटं थांबल्यावर एक डोकं दिसलं, त्या बाईंनी किती वेळ काढला असेल विचार करा.

काचपेटी
हां, आता निवांत बसलोय. सर, तुमच्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर.

एरवी प्रत्येकाचं बीळ शेजाऱ्यापासून अंतर ठेवून असतं, आणि शेजारी जास्त जवळ झुकला तर भांडण होतं, तोंड उघडून अंगावर जातात, पण शेपूट आतच. जोडी जमायची वेळ आली की नर आपलं बीळ मादीच्या बिळाकडं हलवतो. शेवटी दोन बिळं इतकी जवळ येतात की दोघांनी अंग बाहेर काढून वाकवलं की एकमेकांपर्यंत पोचतात. मग पिळासारखा एकमेकांना विळखा घालतात. म्हणजे लग्न लागतं आपापल्या उंबऱ्यात उभं राहून! दोघांपैकी कुणालाच घर सोडावं लागत नाही.

अंडी बाहेर पाण्यात सुटतात आणि प्रवाहाबरोबर वाहत जातात. आईबाप मागं जात नाहीत. अंड्यातून जे निघतं ते ईलसारखं दिसतच नाही, काचेच्या पट्टीसारखं पारदर्शक, चपटं, एवढंसं डोकं. लेप्टोसेफॅलस म्हणतात. मी मघाशी खूण म्हटलं ती हीच, अहेराचं पिल्लू पण असंच असतं, समुद्रातच. ते उघड्या पाण्यात तरंगत वाढतं, आणि रूप बदलायची वेळ आली की लांबीला आधी आखडतं आणि मग गोल अंगाची ईल होते. मग तळाला येतं, वाळूत शेपूट घालतं, आणि तिथंच राहतं. म्हणजे सगळ्या आयुष्यातला मोठा प्रवास त्या एवढ्याशा वयात होऊन जातो.

जुनी_तालीम
अहेर म्हातारपणी समुद्राला जातो आणि हा लहानपणीच फिरून येऊन घर करतो. एकाच घराण्यातले दोघं. आजोबा असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं हे.

शिरोळचा_ऊस
रात्री काय करतात? झोपतात का?

पाणबुडी_७
दिवसाचे प्राणी आहेत, अंधारात प्लवक दिसणार कसं. संध्याकाळी आत जातात. काही जाती बिळाचं तोंड त्याच चिकट पदार्थानं बुजवून घेतात.

बोअरवाला_गडहिंग्लज
बोअरला टोपण पण बसवतोय गडी! आम्ही हजार वेळा सांगतो लोकांना, टोपण बसवा, पोरं पडतात, तरी ऐकत नाहीत.

रंकाळाकाठ
आज सोमवार. तास झाला, आत्ताच घरी आलोय, हातपाय धुवायच्या आधी लिहितोय.

दोन लिटरच्या दोन बाटल्या कापून त्यात बारीक वाळू आणि वर पाणी घेतलं. पहिल्या बाटलीत पेन्सिल खुपसून काढली, भोक जागच्या जागी बुजलं. दुसऱ्यात चिकटपणा दाखवायचा होता. आदल्या रात्री भेंडीचं पाणी करून बघितलं तर पातळ झालं, टिकेना. मग आईनं सांगितलं, जवस उकळ. जवस उकळून घट्ट बुळबुळीत झालं ते पेन्सिलीला दोन-तीनदा लावून आजूबाजूच्या वाळूतही मुरवलं, आणि पेन्सिल हळू फिरवत काढली. भोक राहिलं! वरची कड थोडी पडली, पण आत काळं भोक स्पष्ट दिसत होतं, पाच-सहा मिनिटं तरी. सगळा वर्ग टेबलाभोवती. बोअरवाले दादांचं केसिंग सांगितलं तर मागून दोन पोरं म्हणाली, सर आमचा बोअर ह्यांनीच मारलाय असणार.

मग लग्नाचं सांगितलं. बीळ हलवत हलवत जवळ जातो म्हटल्यावर कुणी हसलं नाही. ती मुलगी उठली, ह्या वेळी हात वर करून. म्हणाली, "सर, मग बीळ हलवताना मध्ये तो उघड्यावर येत असणार की. तेव्हाच त्याला धोका."

शंकेखोर
मी पहिल्या दिवशी हेच विचारत होतो आणि ह्या पोरीनं एका वाक्यात नेमकं सांगितलं. सर, तिला माझ्याकडून शाबासकी द्या.

काचपेटी
शेपूट वाळूतून न काढता वाळूतल्या वाळूत सरकतो की बाहेर पडून नवीन बीळ घेतो, हे बघायचं तर दिवसभर कॅमेरा लावून बसायला हवं. तिला सांगा, मोठी झाल्यावर तिनंच बघावं.

पाणबुडी_७
सर, माझ्याकडं माझ्या कॅमेऱ्यातले ते अंदमानचं अकरा मिनिटांचं फुटेज आहे, हललेलं आहे जरा, पण डोकं वर येतं ते पूर्ण दिसतं. पाठवते. वर्गात लावा.

नववी_ब
ताई पाठवा लवकर. आणि ती शेवटच्या बाकावर बसत नाही आता, दुसऱ्या बाकावर आली आज.